टीएसबी बँकेचे संगणकप्रणाली स्थलांतर (२०१८)

टीएसबी बँकेचे संगणकप्रणाली स्थलांतर ही युनायटेड किंग्डममध्ये एप्रिल २०१८ मध्ये घडलेली आणि बँकांच्या माहिती तंत्रज्ञानाच्या व्यवस्थापनासंबंधी लिहिताना नेहमी उल्लेखिली जाणारी घटना होय. सबादेल या स्पॅनिश बँकसमूहाने टीएसबी विकत घेतल्यानंतर तिच्या सुमारे ५२ लाख ग्राहकांची खाती लॉइड्स बँकिंग ग्रूपच्या संगणकांवरून सबादेलने उभारलेल्या नव्या प्रणालीवर नेण्यात आली. हे काम २० ते २२ एप्रिल २०१८ या तीन दिवसांत झाले. खात्यांची माहिती नव्या जागी सुखरूप पोहोचली. मात्र ती हाताळणारी प्रणाली सुरू होताच कोलमडली. सुमारे १९ लाख ग्राहकांना काही काळ आपल्या खात्यापर्यंत पोहोचता आले नाही. बँकेचे व्यवहार पूर्णपणे सुरळीत होण्यास त्याच वर्षीचा डिसेंबर उजाडला. डिसेंबर २०२२ मध्ये ब्रिटनच्या दोन नियामक संस्थांनी टीएसबीला एकूण ४ कोटी ८६ लाख ५० हजार पौंड दंड केला आणि एप्रिल २०२३ मध्ये बँकेच्या माजी मुख्य माहिती अधिकाऱ्याला व्यक्तिशः दंड झाला.

या घटनेचे महत्त्व केवळ तिच्या व्याप्तीत नाही. ब्रिटनमध्ये त्याआधीही बँकांचे संगणक बंद पडले होते. टीएसबीच्या बाबतीत प्रणाली बांधणारी व चालवणारी कंपनी तिच्याच मालकसमूहातील होती, आणि घरच्याच कंपनीकडून येणारी आश्वासने बँकेने किती तपासून घ्यायची असतात, हा प्रश्न या प्रकरणात प्रथमच इतक्या स्पष्टपणे पुढे आला.

पार्श्वभूमी

टीएसबी हे नाव ट्रस्टी सेव्हिंग्ज बँक या शब्दांचे संक्षिप्त रूप आहे. स्कॉटलंडमधील रुथवेल या गावी हेन्री डंकन या धर्मोपदेशकाने १८१० साली स्थापन केलेल्या बचत बँकेपर्यंत या परंपरेचे मूळ जाते. १९९५ मध्ये टीएसबी व लॉइड्स या बँकांचे विलीनीकरण होऊन लॉइड्स टीएसबी ही बँक अस्तित्वात आली. २००८ च्या आर्थिक संकटात या समूहाला ब्रिटिश सरकारने भांडवल पुरवले. सरकारी मदत घेतलेल्या बँकेने बाजारपेठेतील आपला काही हिस्सा सोडावा, अशी अट युरोपीय आयोगाने घातली. त्यानुसार सहाशेहून अधिक शाखा वेगळ्या काढून विकण्याचे ठरले. को-ऑपरेटिव्ह बँकेशी चाललेली बोलणी एप्रिल २०१३ मध्ये फिसकटली आणि सप्टेंबर २०१३ मध्ये या शाखांमधून टीएसबी ही स्वतंत्र बँक पुन्हा उभी राहिली. जून २०१४ मध्ये तिचे समभाग लंडनच्या शेअर बाजारात आले.

शाखा, कर्मचारी, ग्राहक व नाव वेगळे झाले तरी संगणकप्रणाली वेगळी झाली नव्हती. टीएसबीच्या ग्राहकांच्या खात्यांच्या नोंदी लॉइड्सच्याच यंत्रणेत होत्या व त्या सेवेचे शुल्क टीएसबी लॉइड्सला भरत असे. ही सेवा संक्रमणकाळापुरतीच होती. टीएसबीने कधीतरी तेथून बाहेर पडावे हे आरंभापासून गृहीत होते आणि त्या खर्चापोटी ४५ कोटी पौंड देण्याचे लॉइड्सने मान्य केले होते. म्हणजे एका परीने ही बँक आपल्याच प्रतिस्पर्ध्याच्या घरात भाडेकरू होती.

सबादेलने २०१५ मध्ये सुमारे १७० कोटी पौंडांना टीएसबी विकत घेतली. बार्सिलोनाजवळील सबादेल या शहरात १८८१ साली स्थापन झालेल्या या बँकेने तोपर्यंत स्पेनमध्ये अनेक बँका विकत घेऊन आपल्यात सामावून घेतल्या होत्या. लॉइड्सची सेवा सोडून टीएसबी आपल्या प्रणालीवर आणली की वर्षाला सुमारे १६ कोटी पौंडांची बचत होईल, असा सबादेलचा हिशेब होता. या व्यवहाराच्या आर्थिक गणितात संगणकप्रणालीचे स्थलांतर हा दुय्यम विषय नव्हता. अपेक्षित नफ्याचा मोठा भाग त्यावरच उभा होता.

बँकेच्या प्रणालीचे स्वरूप

बँकेची संगणकव्यवस्था ही एकच एक आज्ञावली नसते. तिच्या केंद्रस्थानी कोअर बँकिंग प्रणाली असते. कोणाच्या खात्यात किती शिल्लक आहे, कोणते व्याज लागते, कोणता हप्ता केव्हा वळता करायचा याची अधिकृत नोंद येथे राहते. ग्राहक मात्र या केंद्राला थेट कधीच स्पर्श करत नाही. तो मोबाइल ॲप, संकेतस्थळ, एटीएम, शाखेतील खिडकी किंवा कॉल सेंटर यांच्यामार्फत तेथवर पोहोचतो. या प्रत्येक वाटेवर ओळख पटवणारी, संदेश पुढे पाठवणारी व गैरव्यवहार हेरणारी वेगवेगळी यंत्रणा बसवलेली असते. दुसऱ्या बाजूला देशातील देयकप्रणाली, कार्ड कंपन्या, पतमापन संस्था आणि नियामक यांच्याशी जोडणारे दुवे असतात. मोठ्या बँकेत अशा परस्परावलंबी प्रणालींची संख्या शेकड्यांत जाते.

यामुळे स्थलांतराची दोन अंगे वेगळी ओळखावी लागतात. माहिती एका जागेवरून दुसऱ्या जागी हलवणे हे पहिले अंग. ते अवघड असले तरी त्याची पडताळणी करता येते. दोन्हीकडच्या बेरजा जुळल्या की काम झाले. लाखो ग्राहक एकाच वेळी आत आल्यावर सर्व वाटा एकत्र चालतात की नाही, हे दुसरे अंग. त्याचे उत्तर प्रत्यक्ष भार घालून पाहिल्याशिवाय मिळत नाही. टीएसबीमध्ये पहिले अंग यशस्वी झाले व दुसरे फसले. घटनेनंतरच्या पहिल्या आठवड्यात बँकेचे पदाधिकारी स्थलांतर यशस्वी झाल्याचे सांगत होते आणि ग्राहकांना आपले पैसे दिसत नव्हते, या विसंगतीचा उगमही बव्हंशी येथेच आहे.

प्रोटिओ आणि साबिस

सबादेलच्या प्रणालीचे नाव प्रोटिओ. स्पेनमध्ये बँको अटलांटिको, बँको उर्किहो, काहा दे अहोरोस देल मेडितेरानेओ अशा संस्था विकत घेतल्यावर सबादेलने त्यांची खाती प्रोटिओवर आणली होती. या अनुभवामुळे समूहाला आत्मविश्वास होता आणि तो निराधार नव्हता. तथापि ती सर्व स्थलांतरे एका देशातली होती. तेच कायदे, तीच देयकप्रणाली आणि आधीपासून चालत असलेली तीच यंत्रणा यांत नवे ग्राहक आणायचे होते. ब्रिटनमध्ये खात्यांचे क्रमांक, ओव्हरड्राफ्टची पद्धत, तात्काळ देयके, थेट वळते होणारे हप्ते, गृहकर्जांचे प्रकार असे सारेच निराळे होते. त्यासाठी प्रोटिओ४यूके नावाची नवी आवृत्ती बांधावी लागली. तिच्यातील बराच भाग नव्याने लिहिलेला होता. नावातील प्रोटिओ या शब्दामुळे ती अनुभवसिद्ध प्रणाली असल्याचा समज झाला. प्रत्यक्षात ती त्या रूपात कोठेही चाललेली नव्हती. नव्या कामाचे प्रमाण किती आहे याची टीएसबीच्या संचालक मंडळाला पुरेशी कल्पना आली नाही, असा निष्कर्ष पुढे चौकशीत निघाला.

प्रणाली बांधण्याचे काम साबिस या कंपनीकडे होते. साबिस ही सबादेल समूहाचीच माहिती तंत्रज्ञान कंपनी. बांधणी पूर्ण झाल्यावर प्रणाली चालवण्याची जबाबदारीही तिचीच होती. साबिस स्वतः सर्व काम करत नव्हती. तिच्या हाताखाली ८५ पुरवठादार होते. नियामकांच्या भाषेत बँकेला सेवा देणारी कंपनी हा तिसरा पक्ष व त्या कंपनीला सेवा देणारा हा चौथा पक्ष होय. टीएसबीचा करार साबिसशी होता. चौथ्या पक्षांशी तिचा थेट संबंध नव्हता. आपल्या ग्राहकांची सेवा ज्यांच्यावर अवलंबून आहे, त्यांच्या तयारीची माहिती बँकेला साबिसच्या तोंडून मिळत असे. इतक्या पुरवठादारांकडून एका ब्रिटिश बँकेसाठी काम करून घेण्याचा पूर्वानुभव साबिसलाही नव्हता.

येथे गुंतागुंत तंत्रज्ञानाइतकीच नात्यांची होती. साबिसचा मालक आणि टीएसबीचा मालक एकच. बाहेरच्या कंपनीला काम देताना बँक तिची पात्रता तपासते, दंडाची कलमे घालते, मुदत चुकल्यास दुसरीकडे जाण्याची धमकी देऊ शकते. मालकाच्याच कंपनीशी असे वागणे कागदावर शक्य असले तरी व्यवहारात अवघड असते. प्रणाली कोणती घ्यायची आणि ती कोणी बांधायची, हे टीएसबी विकत घेतली गेली तेव्हाच जवळजवळ ठरून गेले होते.

नियोजन

टीएसबीने आपल्या सर्व ग्राहकांचे मुख्य स्थलांतर एकाच सप्ताहान्ती करण्याचा मार्ग निवडला. याला पर्याय म्हणजे टप्प्याटप्प्याने जाणे: आधी काही हजार ग्राहक, मग काही लाख, आणि प्रत्येक टप्प्यावर थांबून दुरुस्ती. टप्प्यांच्या मार्गात जुनी व नवी प्रणाली काही काळ एकत्र चालवावी लागते, दोहोंमधील व्यवहार जुळवावे लागतात आणि खर्च वाढतो. लॉइड्सच्या सेवेचे शुल्क भरणे चालू ठेवावे लागणार होते, ते वेगळेच. एका झटक्यात जाण्याचा मार्ग स्वस्त व सुटसुटीत दिसतो. त्यात परतीची वाट जवळजवळ नसते. टीएसबीने कर्मचाऱ्यांच्या मर्यादित गटावर काही सेवा आधी चालवून पाहिल्या होत्या, पण त्या अनुभवावरून ५२ लाख ग्राहकांच्या भाराचा अंदाज बांधता येण्यासारखा नव्हता.

मूळ वेळापत्रकानुसार स्थलांतर नोव्हेंबर २०१७ मध्ये व्हायचे होते. सप्टेंबर २०१७ मध्ये ते २०१८ च्या पहिल्या तिमाहीवर ढकलण्यात आले. आधी अंतिम तारीख ठरवायची आणि तिथून मागे मागे येत प्रत्येक कामाला उरलेला वेळ वाटून द्यायचा, या पद्धतीने वेळापत्रक आखले गेल्याची टीका नंतर झाली. पुनर्नियोजनात एकापाठोपाठ एक व्हायची कामे समांतर करण्याचे ठरले. काही कामे तेव्हा सात महिन्यांपर्यंत मागे पडली होती, तर मुदत वाढली होती सुमारे चार महिन्यांनी. या दोन आकड्यांचा मेळ कसा बसतो, हे संचालक मंडळातील कोणीही नेटाने विचारले नाही, हा चौकशी अहवालातील सर्वांत बोलका निष्कर्ष म्हणावा लागेल. तो प्रश्न विचारायला संगणकशास्त्राचे ज्ञान लागत नव्हते.

चाचण्या

नव्या प्रणालीसाठी दोन डेटा सेंटर उभारण्यात आली होती. दोन्ही एकाच वेळी कार्यरत राहून ग्राहकांचा भार वाटून घेतील आणि एक बंद पडल्यास दुसरे ते काम पुढे चालवील, अशी रचना होती. अशा जोडरचनेत दोन्हीकडील जुळवणी तंतोतंत सारखी असावी लागते. एका बाजूला एखादी मर्यादा कमी ठेवली गेली किंवा संदेशाचा मार्ग वेगळा राहिला, तर ग्राहकाला कधी सेवा मिळते आणि कधी मिळत नाही. आणि दोष नेमका कोठे आहे हे शोधणे फार कठीण होते.

बँकिंग प्रणालीच्या चाचण्या ढोबळमानाने दोन प्रकारच्या असतात. पैसे पाठवल्यावर ते योग्य खात्यात जातात का, हे पहिल्या प्रकारात पाहतात. लाखभर लोकांनी एकाच मिनिटाला पैसे पाठवले तर काय होते, यंत्र बंद पडले तर किती वेळात सावरते, हे दुसऱ्या प्रकारात पाहतात. टीएसबीच्या बाबतीत दुसऱ्या प्रकारची भारचाचणी दोनपैकी एकाच डेटा सेंटरवर झाली. दोन्ही केंद्रे एकत्र चालवून पाहिलीच गेली नाहीत, आणि ही गोष्ट संचालक मंडळापर्यंत पोहोचली नाही. म्हणजे चाचणी झाली होती, परंतु प्रत्यक्षात जी प्रणाली ग्राहकांपुढे येणार होती तिची नव्हे.

निर्णयाच्या काही आठवडे आधी, एप्रिल २०१८ च्या आरंभी, साबिसने आपल्या तयारीसंबंधी टीएसबीला लेखी पत्र दिले. त्यात चौथ्या पक्षांकडून मिळालेल्या हमींचाही आधार होता. यांपैकी अनेक हमी तयारी पूर्ण असल्याची ग्वाही देणाऱ्या नव्हत्या. तयारी पूर्ण होईल अशी अपेक्षा व्यक्त करणाऱ्या होत्या. "झाले आहे" आणि "होईल" या दोन क्रियापदांमधील फरक तपासला गेला नाही आणि बँकेने पुढे जाण्याचा निर्णय घेतला.

स्थलांतर आणि त्यानंतरचे आठवडे

शुक्रवार, २० एप्रिल २०१८ रोजी दुपारनंतर टीएसबीच्या अनेक सेवा ठरल्याप्रमाणे बंद करण्यात आल्या. त्या रविवारी, २२ एप्रिलच्या संध्याकाळी पुन्हा सुरू झाल्या. सुमारे १३० कोटी नोंदी नव्या प्रणालीवर आल्या होत्या. सेवा सुरू होताच अडचणींना प्रारंभ झाला. असंख्य ग्राहकांना ॲप व संकेतस्थळावर प्रवेशच मिळेना. ज्यांना मिळाला त्यांच्यापैकी काहींना चुकीची शिल्लक दिसली. सुमारे ४०० ग्राहकांना चक्क दुसऱ्याच व्यक्तीच्या खात्याचा तपशील दिसला. गोपनीयतेच्या दृष्टीने हा प्रकार संख्येने लहान असला तरी गंभीर होता.

ऑनलाइन मार्ग बंद झाल्यावर ग्राहक फोन व शाखांकडे वळले आणि तेथील व्यवस्थाही कोलमडली. कॉल सेंटरमध्ये दीर्घकाळ ताटकळावे लागे. शाखांतील कर्मचाऱ्यांचे संगणकही त्याच प्रणालीवर चालत असल्याने त्यांना समोरच्या ग्राहकाला मदत करता येत नव्हती. बँकेच्या सर्व शाखांना या बिघाडाची झळ बसली. लहान व्यावसायिकांचे पगार व देणी अडकली, घरखरेदीचे व्यवहार रखडले, हप्ते चुकले.

या गोंधळाचा फायदा घोटाळेबाजांनी घेतला. बँकेच्या नावाने खोटे संदेश व फोन येऊ लागले. बँकेकडून खरोखरच क्षमायाचनेचे व सूचनांचे संदेश येत असल्याने खरे कोणते व खोटे कोणते हे ओळखणे ग्राहकांना कठीण गेले. फसवणूक कळवण्यासाठीचा फोन लवकर लागत नव्हता. सुमारे १,३०० ग्राहकांचे पैसे या काळात चोरीस गेल्याचे बँकेने संसदेच्या समितीला सांगितले. त्यांची भरपाई बँकेने केली.

मुख्य कार्यकारी अधिकारी पॉल पेस्टर यांनी त्याच आठवड्यात सेवा पूर्ववत होत असल्याचे सार्वजनिकपणे सांगितले, तेव्हा मोठ्या संख्येने ग्राहक अजून बाहेरच होते. बँकेने आयबीएम कंपनीच्या तज्ज्ञांना पाचारण केले. आयबीएमच्या प्राथमिक टिपणात असे नमूद होते की, प्रणाली प्रत्यक्ष वापरास सज्ज असल्याचे सिद्ध करणारे काटेकोर निकष लावल्याचा पुरावा आढळला नाही आणि इतक्या व्याप्तीच्या कामात ग्राहक थोड्या संख्येपासून क्रमाक्रमाने आणले जाणे अपेक्षित होते. संसदेच्या कोषागार समितीने हे टिपण जून २०१८ मध्ये प्रसिद्ध केले. समितीने पेस्टर यांच्यावर अविश्वास व्यक्त केला व सप्टेंबर २०१८ मध्ये ते पदावरून दूर झाले.

२२ एप्रिल २०१८ ते ७ एप्रिल २०१९ या काळात बँकेकडे २,२५,४९२ तक्रारी आल्या. ग्राहकांना भरपाईपोटी ३ कोटी २७ लाख पौंड देण्यात आले. २०१८ या वर्षात या प्रकरणाचा टीएसबीला आलेला एकूण खर्च सुमारे ३३ कोटी पौंड होता, आणि सुमारे ८०,००० ग्राहक बँक सोडून गेले. वार्षिक १६ कोटींच्या अपेक्षित बचतीच्या दुपटीहून अधिक रक्कम अशा रीतीने एका वर्षात गेली.

चौकशी

टीएसबीच्या संचालक मंडळाने स्लॉटर अँड मे या विधि संस्थेकडे चौकशी सोपवली. तिचा अहवाल नोव्हेंबर २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. अहवालाने दोन ठळक निष्कर्ष काढले: स्थलांतराच्या वेळी नवी प्रणाली सज्ज नव्हती, आणि ती चालवण्यास साबिस सज्ज नव्हती. एकाच सप्ताहान्ती जाण्याचा निर्णय, नव्या बांधणीची व्याप्ती, पुनर्नियोजनातील घाई, अपुऱ्या चाचण्या आणि साबिसच्या क्षमतेची न झालेली तपासणी या साऱ्यांचा त्यात ऊहापोह आहे. बँकेने अहवालातील काही निष्कर्षांशी असहमती दर्शवली.

अहवालाचा रोख तांत्रिक दोषापेक्षा पर्यवेक्षणावर आहे. संचालक मंडळासमोर सादरीकरणे होत होती, बाह्य सल्लागार होते, जोखमींच्या नोंदवह्या ठेवल्या जात होत्या. तरीही मुख्य पुरवठादार खरोखर हे काम करू शकतो का, याचे स्वतंत्र मूल्यमापन झाले नाही. साबिसने आधीच्या मुदती चुकवल्यानंतरही तिच्या नव्या आश्वासनांना पूर्वीइतकेच वजन दिले गेले. मोठ्या संस्थांमध्ये कागदपत्रांची विपुलता हीच देखरेख समजली जाण्याचा धोका असतो. या प्रकरणाची कागदपत्रे त्याचे विस्तृत उदाहरण आहेत.

दंड आणि वैयक्तिक उत्तरदायित्व

२० डिसेंबर २०२२ रोजी फायनान्शियल कंडक्ट ऑथॉरिटी या संस्थेने टीएसबीला २ कोटी ९७ लाख ५० हजार पौंड आणि प्रुडेन्शियल रेग्युलेशन ऑथॉरिटीने १ कोटी ८९ लाख पौंड दंड केला. बँकेने प्रकरण मिटवण्यास संमती दिल्याने दोन्ही दंडांत ३० टक्के सूट मिळाली होती; अन्यथा एकूण रक्कम ६ कोटी ९५ लाख पौंड झाली असती. यांपैकी पहिली संस्था बँकांचे ग्राहकांशी असलेले वर्तन पाहते, तर बँक ऑफ इंग्लंडचा भाग असलेली दुसरी संस्था बँकांच्या स्थैर्यावर लक्ष ठेवते. एकाच घटनेवर दोघींनी कारवाई करावी, याचा अर्थ संगणकप्रणालीतील बिघाड हा ग्राहकसेवेतील उणिवेइतकाच बँकेच्या सुरक्षिततेचाही प्रश्न मानला गेला.

१३ एप्रिल २०२३ रोजी प्रुडेन्शियल रेग्युलेशन ऑथॉरिटीने टीएसबीचे माजी मुख्य माहिती अधिकारी कार्लोस अबार्का यांना ८१,६२० पौंड दंड केला. २००८ च्या संकटानंतर ब्रिटनने वरिष्ठ अधिकाऱ्यांची वैयक्तिक जबाबदारी निश्चित करणारी नियमावली आणली आहे. तीनुसार बँकेतील प्रत्येक महत्त्वाचे कार्य कोणत्या ना कोणत्या नामनिर्दिष्ट अधिकाऱ्याच्या नावे असावे लागते. बाहेर दिलेल्या कामांवर देखरेख ठेवणे हे अबार्का यांच्याकडे होते. साबिसची क्षमता विधिवत पुन्हा तपासली जाईल आणि तिच्या पत्रातील हमींना पुरेसा आधार आहे की नाही हे पाहिले जाईल, यासाठी त्यांनी वाजवी पावले उचलली नाहीत, असे नियामकाने ठरवले. रक्कम बँकेच्या दंडाच्या मानाने किरकोळ असली तरी या आदेशाची दखल सर्वच बँकांच्या तंत्रज्ञान विभागांनी घेतली. काम बाहेर देता येते, त्याची जबाबदारी बाहेर देता येत नाही, हे तत्त्व नियमपुस्तकात पूर्वीपासून होते. ते एका व्यक्तीच्या नावे लागू झालेले येथे दिसले.

तत्सम घटना आणि नियम

ब्रिटनमधील याआधीची मोठी घटना रॉयल बँक ऑफ स्कॉटलंड समूहात जून २०१२ मध्ये घडली. रात्रीच्या वेळी लाखो व्यवहार ठरावीक क्रमाने उरकणाऱ्या आज्ञावलीची सुधारित आवृत्ती बसवली गेली. त्रास जाणवल्याने ती काढून जुनी आवृत्ती परत बसवताना दोहोंचा मेळ बसला नाही आणि रात्रीची कामे खोळंबली. नॅटवेस्ट, रॉयल बँक ऑफ स्कॉटलंड आणि अल्स्टर बँक यांच्या ६५ लाखांहून अधिक ग्राहकांना त्याचा फटका बसला. अल्स्टर बँकेच्या ग्राहकांचे हाल सर्वांत जास्त काळ चालले, कारण समूहाच्या सामाईक यंत्रणेतील तुंबलेली कामे निकाली काढताना त्या बँकेचा क्रम शेवटी लागला. नोव्हेंबर २०१४ मध्ये समूहाला ५ कोटी ६० लाख पौंड दंड झाला. अनेक बँकांनी एकच प्रणाली वापरण्यातील काटकसर आणि एकाच वेळी सर्वांचे बंद पडणे या एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत.

कोषागार समितीने ऑक्टोबर २०१९ मध्ये वित्तक्षेत्रातील संगणकीय बिघाडांवर स्वतंत्र अहवाल सादर केला. मार्च २०२२ पासून ब्रिटनमध्ये लागू झालेल्या नियमांनुसार बँकांना आपल्या महत्त्वाच्या सेवा निश्चित करून, त्या प्रत्येकीत किती काळ खंड पडलेला सोसता येईल याची मर्यादा ठरवावी लागते. युरोपीय संघाचा डिजिटल कार्यस्थैर्यासंबंधीचा कायदा जानेवारी २०२५ पासून लागू आहे. भारतात रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२३ मध्ये माहिती तंत्रज्ञानाची कामे बाहेर देण्यासंबंधी निर्देश प्रसिद्ध केले व ते १ ऑक्टोबर २०२३ पासून अमलात आले. समूहातील कंपनीला काम देतानाही बाहेरच्या कंपनीप्रमाणेच अंतर राखून व्यवहार करावा, असे त्यांत सांगितले आहे. परदेशी बँकांच्या पुणे, मुंबई, बंगळूर, हैदराबाद येथील तंत्रज्ञान केंद्रांची स्थिती साबिससारखीच असते: ती समूहाची अंगे असतात आणि दुसऱ्या देशातील बँकेला सेवा देतात. त्या त्या देशाच्या नियामकाच्या दृष्टीने हे काम बाहेर दिलेलेच ठरते. तेथील अभियंत्यांकडून चाचण्यांचे पुरावे व तयारीच्या लेखी हमी मागितल्या जातात, त्यामागे अशा प्रकरणांचा इतिहास आहे.

नंतरची वाटचाल

डेबी क्रॉस्बी यांनी २०१९ मध्ये टीएसबीच्या मुख्य कार्यकारी अधिकारीपदाची सूत्रे घेतली. त्यानंतर बँकेने प्रणाली चालवण्याचे काम साबिसकडून आपल्या थेट नियंत्रणाखाली घेतले व आयबीएमसह प्रमुख पुरवठादारांशी स्वतः करार केले. प्रोटिओ४यूके पुढे स्थिरावली. ती प्रणाली मुळातच निकामी होती असे म्हणता येत नाही. एप्रिल २०१८ मध्ये ती तयार नव्हती.

जुलै २०२५ मध्ये सबादेलने टीएसबी सँटँडर या दुसऱ्या स्पॅनिश समूहाला २६५ कोटी पौंडांना विकण्याचा करार जाहीर केला. सँटँडरने ब्रिटनमध्ये २००४ मध्ये ॲबे ही संस्था आणि २००८ मध्ये अलायन्स अँड लेस्टर घेऊन त्यांची खाती आपल्या प्रणालीवर आणली होती. टीएसबीही आपल्या ब्रिटनमधील बँकेत सामावून घेण्याचा मानस या समूहाने करार जाहीर करतानाच व्यक्त केला. तसे झाल्यास या ग्राहकांच्या खात्यांना पुन्हा एकदा प्रणाली बदलावी लागेल.